बाहेरून कुलूप

३ मे १९९६
ठाण्याच्या कोर्टाचा हुकूम पुन्हा वाचला. सिल्व्हर पार्कचा फ्लॅट महिन्याभरात विकायचा, अर्धे पैसे आशाला. घटस्फोट दिला तेवढं पुरे नाही का? घेताना तिचे दागिने मोडले हे खरं, पण बिल्डर मी शोधला होता. विकणार नाही. ठरलं.

१० जून
मुदत संपली. काहीही झालं नाही. वकील म्हणतात, हुकूम मोडलात, दिवाणी तुरुंगात जाल. वकील घाबरट आहे. बदलणार.

१४ जून
आशाने मला तुरुंगात टाकायचा अर्ज केलाय. त्याची नोटीस हातात पडलीच नाही तर कोर्ट काय करणार? शेजारचे जयकुमारभाई सकाळी बाहेरून कुलूप लावतील, संध्याकाळी उघडतील. ऑफिसात मेडिकल रजा टाकली.

१७ जून
बेलीफ आला. पंखा बंद करून घामाघूम बसलो. जयकुमारभाईंनी सांगितलं, “वो तो गाँव गया.” जिंकलो.
संध्याकाळी कळलं, नोटीस दारावर चिकटवून गेलाय. तशी चिकटवली तरी बजावली असंच धरतात म्हणे. जयकुमारभाईंनी वाचूनही दाखवली. तारीख २४. मी स्वतः वाचलेली नाही, हे महत्त्वाचं.

२२ जून
जयकुमारभाईंच्या सासूबाई वारल्या. घाईत सगळे सुरतेला गेले. कुलूप तसंच, किल्ली त्यांच्या खिशात. तांदूळ आहेत. शांतता बरी वाटतेय.

२३ जून, दुपार
जागृती आली. पोरगी दारापाशी हळूच म्हणाली, “बाबा, आत आहात ना? फ्लॅट विकायला तयार आहात, एवढंच लिहिलंय. या कागदावर सही करा. आई तुरुंगाचा अर्ज मागे घेईल.” फटीतून कागद सरकवला. मग जिन्यात बसून राहिली. रडत होती. मला फार वाईट वाटलं. पण बोललो असतो तर सापडलो असतो. अर्ध्या तासाने गेली.
रात्री सही केली. उद्या स्वतः कोर्टात नेऊन देतो.

२४ जून, सकाळी ९
इस्त्रीचा शर्ट घातला. दार ओढलं, तेव्हा कुलूप आठवलं. खिडक्यांना मीच बसवलेल्या ग्रिल. हाक मारायची सोय नाही, सोसायटीत इज्जत जाईल. जयकुमारभाई येतीलच.

दुपारी ३
आले नाहीत.

२६ जून
बेलीफ वॉरंट घेऊन आला, सोबत हवालदार. किल्ली माझ्याकडे नाही म्हणालो. विश्वास बसला नाही. सही केलेला कागद फटीतून बाहेर सरकवला. बेलीफ म्हणाला, तो आता साहेबांसमोर दाखवा. कुलूप तोडणाऱ्याला आणायला तो खाली गेलाय. घरून कुणाला बोलवायचं का, असं हवालदाराने विचारलं. जागृतीचं नाव तोंडावर आलं, सांगितलं नाही. जरा लवकर करा, एवढंच म्हणालो.
हवालदार जिन्यात टेकला. म्हणाला, “घाई कशाला? तुम्ही कुठे जाताय?”