न घेतलेली झडती

नागपूर, जानेवारी १९७६

प्रिय रुपराव,

नरखेडला सुखरूप पोचला असाल. लग्न ठरलेल्या मुलीला नाटकाला नेलंत, तेही तिच्या आत्याला मध्ये बसवून, त्याबद्दल आभार मानायचे राहिले. तुम्ही अर्ध्यातून उठवलंत म्हणून आत्या अजून रुसलेली आहे. त्या संपादकाचं पुढं काय झालं, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते.

नाटक इंग्रजांच्या काळातलं, म्हणूनच परवानगी मिळाली असावी. संपादकानं सरकारचं गुपित छापलं, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी लोकांनी मागं वळून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. मीही मागं पाहिलं. हल्ली पोस्टमन दारात जरा जास्त थांबला तरी मला शंका येते.

मग झडतीचा प्रवेश आला. शिपायांनी गाद्या फाडल्या, पिठाचे डबे पालथे केले, तरी हाती काही लागेना. आत्या शेंगा खाताखाता मोठ्यानं म्हणाली, "इतकं काहून धुंडून राहिले? घरातल्याच कोणाले विचारून घ्याव ना." आजूबाजूचे हसले. तुम्ही नाही. आत्याच्या पाठीमागून वाकून मला म्हणालात, "चाल वं, गर्मी होऊन राहिली." तुमच्या अंगावर शाल होती.

शाळेत घालण्याआधी बाबांनी मला आमच्या छापखान्यातच अक्षरं शिकवली. शिशाचा एकेक टाइप हातात द्यायचे, ओळखला की त्याच्या खान्यात ठेवायला लावायचे. खाना सांडला तर दिवसभर निवडत बसावं लागे. म्हणून दिवाळीनंतर पोलीस आले तेव्हा माझं सगळं लक्ष त्या खान्यांकडे होतं. त्यांनी एकालाही हात लावला नाही. गाडीत चढताना बाबा म्हणाले, "भले मानसं होते वं पोरी, एक खाना नाही सांडवला." मलाही तेव्हा बरंच वाटलं.

झडती कशी असते, ते मला नाटकात कळलं. आमच्याकडे ती झालीच नव्हती. ते आत आले, सरळ खिडकीखालच्या संत्र्यांच्या पेटीपाशी गेले, वरची संत्री काढली आणि गवताखालची पत्रकं उचलली. पकडलेल्या माणसांची नावं पेपरात येत नव्हती, ती बाबांनी छापली होती. बाजूच्या पेट्या तशाच राहिल्या. पेट्या तुमच्याच बागेतल्या. पत्रकं ठेवताना तिघंच होतो, बाबा, तुम्ही आणि मी. आत्यालाही ठाऊक नव्हतं.

मी अन्याय करत असेन. तुम्हाला कुणी धमकावलं असेल, किंवा शालीत माणसाला खरंच गरम होत असेल. माझ्याच तोंडून तर गेलं नाही ना, म्हणून मी झोपेत बडबडते का, असं आत्याला विचारलं. ती म्हणाली, फक्त घोरतेस.

सोमवारी तुरुंगात बाबांची भेट आहे. आपल्या सुटकेची वाट पाहू नका, पोरीचं लग्न उरकून घ्या, असा त्यांचा निरोप आला आहे. रुपरावांसारखा मुलगा मिळायचा नाही, म्हणतात. मला हो की नाही ते सांगायचं आहे, आणि बाबांशी मी कधी खोटं बोललेली नाही. म्हणून त्याआधी खरं काय ते लिहा. पत्र वाटेत फोडतील, ठाऊक आहे. फोडू देत. यातल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच माहीत आहे. मलाच तेवढं नाही.

'तुमचीच' लिहिणार होते, पण सोमवारपर्यंत नुसतीच,
प्रेमलता