सुंदररावांची मिशी आणि पुण्याचा रेडिओ

चि. रवि यास,

गेवराईहून तुझ्या शांतादेवी आजीचा डोईवर हात. आम्ही सगळे धडधाकट, माझे गुडघे सोडून. तुझा घसा कसा आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या चौकारांवर ओरडायचं, तर लवंग चघळत जा. (मला अक्षर येत नाही, बोलता तेवढं येतं; म्हणून हे सांगून लिहवून घेतेय.)

रागावू नकोस, पण तुझं लग्न अर्धं मोडलंय. कापडदुकानवाले सुंदरराव त्यांच्या मुलीसाठी, शिवकन्येसाठी तुझी चौकशी करायला आले. पहिलाच सवाल, "आजी, खेळतात दुसरे, मग पगार ह्याला कावून?" मी म्हटलं, अख्खं पुणं आमच्या रविच्या तोंडून खेळ ऐकतं. तर म्हणे, "मग आमाला ऐकवा की." आता तुमचा तो पुण्याचा खेळाचा रेडिओ इथवर कुठला पोचायला! मी गुपचूप तू दिवाळीत दिलेली कॅसेट टेपरेडिओत घातली आणि एरियल पार छतापर्यंत ओढली (पाहुण्याचं समाधान, दुसरं काय). शेवटच्या चेंडूला तू असा ओरडलास, की सुंदररावांचा बशीतला चहा धोतरावर. लई खूष! आणि तिथंच तुझा आवाज संपला. मेल्या, जुन्याच कॅसेटवर भरलंस होय रे? खालून निघालं तुझ्या बहिणीच्या, रुचिकाच्या लग्नातलं व्याह्याला चिडवायचं गाणं, आम्हा बायकांच्या घोळक्याचं: "व्याही आला मांडवात, मिशी बुडवून काजळात!"

सुंदरराव मिशीला कलप लावतात हे बाजाराला ठाऊक. पुण्यालाही ठाऊक आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ताडकन उठले. "अख्ख्या पुण्यात माज्या मिशीची बेअब्रू!" मी म्हटलं, अहो, कॅसेट हाय ती. "एरियल वर काढलेली हाय, अन् कॅसेट म्हणता?" आता माझ्याच हातानं ओढलेली एरियल! गेले तरातरा, मी दिलेला लाडवांचा डबा मात्र घेऊन.

जिवाला जप.

तुझी आजी

ता. क. सुंदररावांचा निरोप आलाय. त्यांचा मेहुणा पुण्यात असतो, रविवारी तुझा रेडिओ लावून बसणार आहे. धावसंख्या सांगता सांगता "गेवराईच्या सुंदररावांची मिशी जन्मापासून काळीभोर आहे" एवढं म्हण, की लग्न पक्कं. साहेब ओरडले तर ओरडू दे.

ता. क. दुसरा. वरचं वाक्य लिहिणारीनं दोनदा खोडलं. लिहिणारी त्यांचीच शिवकन्या. डबा परत द्यायच्या निमित्तानं आलीय. मला पोरगी पसंत आहे. म्हणते, "आजी, त्यांना रेडिओवर खोटं कावून बोलायला लावता? बाबांना कलप मीच कालवून देते की."