लकी मॅग्नेट आणि माझ्या बाकीच्या वस्तू

मी, वय वर्षं एकोणीस, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. उद्या त्याचं ऑपरेशन. डॉक्टर मला म्हणाले, घाबरू नकोस, आणि मग आईला बाहेर घेऊन गेले. म्हणून लिहितेय.

१. बँकेत जे काही असेल ते आईचं. तिने आधी स्वतःचे दात दाखवून घ्यावेत. माझ्या दुखण्यापायी पुढे ढकलत बसलीय.

२. सायकल धाकट्या भावाला. चेन उतरली की सायकलला शिव्या देऊ नयेत, मागचं चाक जरा उचलून पेडल मारावं. आणि शाळा सोडू नये. मी नववीत सोडली, ती अभ्यास जड गेला म्हणून नाही. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्दच फुटायचा नाही.

३. लांब दांड्याचे तिन्ही ब्रश माझ्यानंतर येईल तिला. तांब्याची रिअ‍ॅक्शन झालेला फ्लास्क अ‍ॅसिडने धुतला की त्या पाण्यात अमोनिया टाकून बघावं. निळं झालं तर तांबं राहिलंय, परत धुवावा.

४. ऑफिसातल्या क्लार्ककाकांना काही नाही. तीन वर्षं मला 'मुकी' म्हणतात. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

५. प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या दादालाही काही ठेवत नाही. राग नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं आमच्याकडे फुटलेली काचेची भांडी जोडणारे काका म्हणाले. आणि मला दादाचीच सही हवीय.

दादा, तुझं काम दोन रेणू एकमेकांना जोडायचं. सगळे त्यासाठी तांबं घालतात. तू तांब्याशिवाय, नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनवर जोडलेस, औषधात धातू उरायला नको म्हणून. शुक्रवारी त्यावरचा पेपर छापायला पाठवणार आहेस. फ्लास्कमध्ये गरगर फिरते ती पांढरी कांडी, तुझा लकी मॅग्नेट. "अगं, माझा लकी दे, त्याच्याशिवाय होतच नाही!" दर वेळी हेच. एकदा तो सापडला नाही म्हणून मी नवा दिला. त्या दिवशी काहीच जोडलं गेलं नाही. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "फ्लास्क तरी धड धुवत जा!"

मी धड धुतला होता.

तुझा लकी आधी दोन वर्षं तांब्याच्या फ्लास्कमध्ये फिरलाय. त्याच्या पांढऱ्या कव्हरला चीर आहे. गेल्या आठवड्यात मी तो जरासा अ‍ॅसिडमध्ये बुडवला आणि त्यात अमोनिया टाकला. निळं झालं.

सांगायला तीनदा तुझ्या टेबलापाशी आले. तू वर बघितलंस की मी विचारायचे, "काही धुवायचंय का?"

मी गेले, तर हे कुणालाच कळणार नाही. पेपर छापून येईल, दुसरे करून बघतील, त्यांना जमणार नाही. मग तुला खोटारडा म्हणतील. तू तसा नाहीस. म्हणून लकी मॅग्नेट कागदात गुंडाळून प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना ठेवतेय. तू फक्त नवा टाकून एकदा बघ.

६. साक्षीदारांनी सगळं वाचूनच सही करावी. वाचताना माझ्याकडे बघू नये.

यातला शब्द न् शब्द माझा. एवढं मी आजवर कुणाशीच बोलले नाही.

स्थळ: तळमजला, भांडी धुण्याची खोली
मंगळवार, १४ तारीख, जेवणाच्या सुट्टीनंतर
(सही)

साक्षीदार: काच जोडणारे काका. तिने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: दादा. सगळं वाचलं. पेपर शुक्रवारी जाणार नाही, मॅडमना आत्ताच सांगून आलो. नवा मॅग्नेट टाकून फ्लास्क लावलाय. तो दुसऱ्या कुणी धुवायचा नाही. ती परत येईपर्यंत तसाच राहील.