दोरीवरचे तंबू

दादा,

तू झोपला आहेस म्हणून उठवलं नाही. मी आजपासून ऑफिसला जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा.

गॅलरीतल्या दोरीवर बाबांच्या सहाही चड्ड्या वाळत घातल्या आहेत. शेजारच्या काकू काही म्हणाल्या तरी त्या आत आणू नकोस.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी माझ्या मैत्रिणी येणार होत्या. शर्टांच्या उरल्यासुरल्या कापडातून स्वतः शिवलेल्या, नाडीच्या, गुडघ्यापर्यंतच्या त्या चड्ड्या बाबा नेहमीसारख्या झटकून दोरीवर टाकत होते. मी म्हटलं, "बाबा, हे तंबू आत वाळत घाला. आजकाल कोण घालतं असलं? मी आणलेल्या इलॅस्टिकच्या घाला ना." ते हसले. "अगं, शिंप्याच्या घरात विकतची चड्डी? आणि यात हवा कशी खेळती राहते!" पण मग मुकाट्याने सगळ्या काढल्या आणि बाथरूमच्या दारामागे नेऊन टांगल्या.

रविवारी ते गेले. त्यांना शेवटची अंघोळ घालून तू बाहेर आलास आणि म्हणालास, कमरेवर इलॅस्टिकचा लाल वळ होता. तेव्हा मी गप्प बसले.

आज कपडे वाळत घालताना मात्र बोलले. काकू खिडकीत उभ्या होत्या, तरी मोठ्याने बोलले, "बाबा, चुकलं माझं. बाहेरच वाळत घाला."