बंद सिलिंडर

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भाचीची परीक्षा संपली का?

तू वॉर्डातली नर्स, मी रुग्णवाहिकेवरचा तंत्रज्ञ; आपल्यासारख्यांची तक्रार एकच. चूक वर होते, खापर खाली फुटतं. रुग्णालयाच्या फाटकासमोर, युनियनच्या सभांत हे वाक्य मी इतक्यांदा गरजलोय की आता त्याचा मलाच शीण येतो. तुला निलंबित केल्यावर परवाही तेच बोललो. टाळ्या पडल्या. तू मात्र मागच्या मागे निघून गेलीस.

त्या दिवशी तुझ्या वॉर्डातल्या त्या शिंपीदादांना दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं होतं. त्यांचा श्वास यंत्रावर चालू होता. खाटेवर असेपर्यंत यंत्राला भिंतीतला ऑक्सिजन, निघताना आपला सिलिंडर. मी तो उघडून तपासला आणि वायू वाचावा म्हणून पुन्हा बंद केला, सगळेच करतात तसा. बंद केला तरी तोंडाशी अडकलेल्या वायूमुळे दाबाचा काटा सिलिंडर भरलेलाच दाखवतो, हे मला पाठ आहे. पण मी संध्याकाळचं भाषण पुटपुटत होतो.

"पुढारी, सिलिंडर उघडलास ना?" तू विचारलंस.

"काटा बघ की! डोळे आहेत ना?"

लिफ्टमध्ये यंत्र ओरडायला लागलं. तू ताबडतोब हाताने दाबायच्या फुग्याने श्वास द्यायला लागलीस, पण त्यांच्या फुप्फुसांना साध्या हवेने भागत नव्हतं. ओठ निळे पडले. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत होती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

ताई, मी यंत्राआड हात घालून सिलिंडर उघडला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नळी निसटली होती."

नळ्या जोडणं तुझं काम. अहवालात तेच उतरलं.

शिंपीदादा अजून डोळे उघडत नाहीत. काल त्यांच्या बायकोने मला गाठलं. "तुमच्या बहिणीकडून असं कसं झालं हो?" मी, एवढा बोलका माणूस, "बघू" म्हणालो आणि जिना उतरलो.

उद्या अकराला चौकशी आहे. मी येणारच आहे. पण समितीसमोर उभा राहिलो की व्यवस्थेवर बोलेन, मनुष्यबळावर बोलेन, स्वतःवर बोलणार नाही. मी स्वतःला ओळखतो. धाकटा म्हणून दया दाखवून हे पत्र फाडू नकोस. मी तोंड उघडायच्या आत ते अध्यक्षांच्या हातात दे आणि मोठ्याने वाचायला लाव.

खोटं बोललेला,
तुझा भाऊ