दहा संगणकांचे पार्टिशन करणेबाबत

१४ जुलै १९९७, सोमवार. धुळे.
आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये म्हणून गादीखाली ठेवणार.
घरमालकीण झमकूबाई गाद्या उन्हात टाकतात. गादीखाली नको. ट्रंकेत.
आमच्या शिक्षण केंद्रात दहा कॉम्प्युटर आले. अध्यक्ष हीरालालजींची देणगी. १५ ऑगस्टला त्यांच्याच हस्ते उद्घाटन. लॅब तोवर नीट चालली तर मला कायम करायची ऑर्डर निघणार, असं प्राचार्य म्हणाले. म्हणताना खिडकीबाहेर का बघत होते?
संकल्प: कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

१६ जुलै, बुधवार.
प्रत्येक मशीनच्या हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, म्हणजे पार्टिशन. सी भागात विंडोज, डी भागात पोरांचं काम. दहा मशीनपुढे बसून तेच तेच कोण टाईप करणार? मी ऑटोमॅटिक फ्लॉपी बनवली. मशीन चालू झालं की आधी फ्लॉपी वाचतं. फ्लॉपी सगळी डिस्क पुसते, दोन पार्टिशन पाडते, आत ठेवलेल्या सीडीवरून विंडोजची तयार प्रत उतरवते. माणसाला एक शब्द विचारत नाही. विचारलं की माणूस चुकतो.
दहा मशीनला दहा फ्लॉप्या. घातल्या त्या घातल्या. देवावरचं फूल आपण सारखं हलवतो का?
नाशिकच्या क्लासवाल्यांना हे कळू द्यायचं नाही. चोरतील.
प्राचार्यांकडे अर्ज दिला, 'दहा संगणकांचे पार्टिशन करणेबाबत'. लगेच मंजूर. सही करताना त्यांनी लॅबची लांबी-रुंदी विचारली. कशाला?

१९ जुलै, शनिवार.
भाईदास मिस्त्री आला. प्लायवूड घेऊन, मापं आधीच घेतलेली. "माप बठ्ठं लई लिधं, भाऊ. आते सांगा, कोठे ठोकनं शे?"
पार्टिशन मशीनच्या आत करायचं असतं, हे समजावलं. त्याने मशीनकडे बघितलं, मग करवतीकडे बघितलं. इतकं बारीक काम आपण करत नाही म्हणाला.
प्राचार्यांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, प्लायवूड आलंच आहे तर ठोकून घ्या, पलीकडे टायपिंगचा वर्ग बसवू. संध्याकाळपर्यंत ठोकलंसुद्धा. अर्धी लॅब गेली. आता टायपिंगच्या प्रमिलाबाई आणि मी, मध्ये फक्त प्लायवूड, त्याला दार, दाराला कडी नाही.
कॉम्प्युटर आल्यापासून बाईंच्या वर्गातली पोरं कमी झाली आहेत. म्हणजे यामागे कोण, ते उघड आहे.

२४ जुलै, गुरुवार.
जे वाटत होतं तेच झालं. काल पोरांनी उद्घाटनासाठी कापसाच्या भावांचा तक्ता केला, स्वागताचा मजकूर केला. आज डी भाग रिकामा. दहाही मशीनवर. विंडोज मात्र नवं कोरं.
मशीन रोज शिपाई सकाळीच चालू करून ठेवतो. मी पोचेपर्यंत कुणीतरी डाव साधतं. माझ्या फ्लॉप्या मात्र जागच्या जागी. चोराला फ्लॉपीतलं काही कळत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

२८ जुलै, सोमवार.
पुन्हा. दुपारी लाईट गेली, परत आली, मी जेवून येतो तर काम गायब. लाईट केव्हा जाणार हे प्रमिलाबाईंना कसं कळतं? चौकशी केली. दीर वायरमन आहे.
बाईंनी आज डब्यातलं भरीत दिलं. वाळत चाललात म्हणाल्या. खाल्लं. चांगलं होतं. संशय अधिकच वाढला.

३१ जुलै, गुरुवार.
बंदोबस्त केला. बाहेरची फ्लॉपी घालून कुणी घात करू नये म्हणून दहाही ड्राइव्हच्या तोंडावर सेलोटेप मारली. टेपवर माझी सही. आपल्या फ्लॉप्या आत सुखरूप.
आता बघू.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
सह्या शाबूत. काम गायब.
ही बाई साधी नाही.

४ ऑगस्ट, सोमवार.
उद्घाटन तोंडावर आलं. आता दयामाया नाही, लेखी तक्रार. संस्थेला टाईप केलेल्या तीन प्रती लागतात. माझ्या दहाही मशीनवर टाईप केलेलं टिकत नाही. टाईप करणार कोण? प्रमिलाबाई.
युक्तीने नाव टाळलं. 'एक महिला कर्मचारी विध्वंसक कृत्य करीत असून संबंधितास तात्काळ नवापूर शाखेत पाठवावे.' केंद्रात महिला कर्मचारी एकच आहे हे लक्षात आलं, तोवर कागद टाईपरायटरवर चढला होता.
बाईंनी मुकाट्याने टाईप केलं. एकदाच थांबल्या आणि 'विध्वंसक'मधला 'ध्व' मी असा का काढलाय ते विचारलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सराईत.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
चौकशी झाली. लिहायची इच्छा नाही.
हीरालालजी स्वतः आले. प्राचार्यांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. प्रमिलाबाईंनी हात मागे घ्यावेत, असं मी सुचवलं. त्यांनी घेतले. मग प्राचार्यांनी एक मशीन चालू केलं. टेपच्या आत फ्लॉपी घरघरली. स्क्रीनवर मीच प्रोग्रॅममध्ये घातलेली ओळ आली: 'गिरधर सरांचे काम चालू आहे. हात लावू नये.' मग डिस्क पुसायला लागली.
हीरालालजींनी शांतपणे विचारलं, गिरधर सर तर इथे उभे आहेत, मग काम कोण करतंय? टेप सोलून फ्लॉपी बाहेर काढली गेली. सही माझी, अक्षर माझं.
प्राचार्यांनी तक्रार उघडली. ही महिला कर्मचारी कोण, असं त्यांनी मला विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं.
"मीच, सर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "टाईप करतानाच कळलं होतं."
मग टाईप केलंत कशाला, असं प्राचार्यांनी विचारलं.
"शुद्धलेखन फार वाईट होतं. तसंच वर गेलं असतं तर केंद्राचं नाव गेलं असतं."
मला भिंतीतून पलीकडे जावंसं वाटलं. पण पलीकडे टायपिंगचा वर्ग भरला होता.

१ सप्टेंबर, सोमवार. नवापूर.
ऑर्डर निघाली. कायम करायची नाही, बदलीची. 'संबंधितास तात्काळ नवापूर शाखेत पाठवावे' हे माझं वाक्य जसंच्या तसं मंजूर झालं. फक्त संबंधित मी.
इथे कॉम्प्युटर नाही. टाईपरायटर दोन, त्यातल्या एकाचा 'ळ' उठत नाही.
प्रमिलाबाईंची माफी मागायची राहिली. तीन वेळा दारापर्यंत गेलो होतो. लाज वाटली, परत फिरलो. बस साक्रीच्या पुढे आली तेव्हा मात्र शंका आली, की ऑर्डर टाईप करताना बाईंनी आपल्या मनाने त्यात काही घातलं असेल. इथे उतरून कंदिलाशी धरून अक्षर न् अक्षर तपासलं.
एकही चूक सापडली नाही.