लेकीच्या घरी राहण्याचा परवाना

९ जानेवारी १९६६, अमरावती
कुसुमचं पत्र आलं, विलायतेतून, लीड्सहून. "आई, शाळेतूनही सुटलीस, बाबाही नाहीत. एकटी काय करतेस तिथे? इकडेच ये, कायमची." खाली जावईबापूंच्या चार ओळी. आईंचा सगळा खर्च आम्ही करू, असं त्यांनी सरकारला लिहून दिलंय. परवाना फक्त राहण्याचा मिळतो. काम करायचं नाही, करायची गरजही नाही.
काम करायचं नाही! अगं बाई. उभा जन्म पोरींकडून पाढे घोकून घेतले, आता म्हणे नुसतं राहा. नुसतं राहतात कसं?

१२ जाने.
शेजारच्या शेवंताबाईंना विचारलं, दिवसभर कामच नसलं तर माणूस काय करतो हो?
"मले काय मालूम बाई? मेल्यावरच समजीन."
हसून हसून पुरेवाट.
दुपारी शाळेत जाऊन मोठा नकाशा उघडवला. अमरावतीवरून बोट सरकवत नेलं. पाणीच पाणी. कु.ला विचारायचं : बर्फ हाताला चिकटतो का. तुळस जगते का. दुपारी चारला अंधार पडतो म्हणतात, मग लोक जेवतात कधी, निजतात कधी. एका पत्रात मावायचं नाही.

२ फेब्रु., अकोला
दादाकडे आले, जुन्या शहरात. थोरला भाऊ, त्याला सांगायलाच हवं. सांगितलं आणि भडकलाच.
"लेकीच्या घरी बसून खाशीन? तिले अजून लेकरू नाही. नातवंडाचं तोंड पायल्याबिगर आपल्यात लेकीच्या घरचं पानी तरी पेते का कोनी?"
मी म्हटलं, "दादा, कोणत्या जमान्यात आहेस?"
म्हटलं खरं. पण कु. नागपूरला होती तेव्हा मी काय करत होते? तूरडाळ, कणीक, गूळ पिशवीत भरून जायचे. चहाची साखरसुद्धा माझी. कु. चिडायची, मी ऐकायची नाही.
वहिनी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मंग विलायतेले डायीचे पोते किती नेशीन बाई?"
दादालाही हसू आलं. पण हो म्हणाला नाही.

१७ मार्च, मुंबई
झाली परवान्याची मुलाखत, विलायती कचेरीत. साहेब लालबुंद पण सभ्य. उभा राहून खुर्ची दिली. दुभाष्या होता, मी म्हटलं नको, मला येतं इंग्रजी. नको तिथे मिजास!
साहेबाने विचारलं, तिथे तुमचं भागणार कसं?
आता परका पुरुष तोंडावर विचारतोय. लेकीचं फुकट खाईन, असं सांगू? मान ताठ केली आणि सांगितलं, मी लेकीवर भार टाकणार नाही. माझ्यापुरतं मी मिळवीन. शिकवण्या घेईन, शिवण करीन, लोणची घालून विकीन. खडाखडा बोलले. साहेब लिहून घेत होता. मला वाटलं, खूश झाला.
बाहेर आले तर दुभाष्या मागोमाग. "बाई, काय करून बसलात? काम करणार म्हणालात. तुम्हाला लेकीने पोसायचंय, म्हणून तर परवाना आहे. काम करणाऱ्यांचा वेगळा असतो."
रस्त्यातच कठड्यावर बसले. स्वतःच्या हाताने…

२ एप्रिल, अमरावती
कचेरीने पुन्हा बोलावलंय. मी कामधंदा करणार नाही, संपूर्णपणे लेक-जावयाच्या आधाराने राहीन, हे समोर बसून स्पष्ट सांगायचं. नाहीतर अर्ज निकालात. जावईबापू लिहितात, "आई, एवढं एकच वाक्य म्हणा." कु. लिहिते, "माझं खाल्लंस तर तुला काय होणार आहे गं? मी इतकी वर्षं तुझंच खाल्लं ना?"
रडू आलं. येऊ दिलं.
मला जायचं आहे. लिहूनच ठेवते. पोरीजवळ राहायचंय. चार वाजता अंधार कसा पडतो ते डोळ्यांनी पाहायचंय. या घरात संध्याकाळी कढईचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

५ एप्रिल
आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. मराठीत अर्ध्यावरच अडकलं. इंग्रजीतही अडकलं. गंमतच आहे. ज्या पोरीला न्हाऊमाखू घातलं तिच्या भाकरीची एवढी लाज कुठून आली असेल? आईकडून? तिला तिच्या आईकडून?
शेवंताबाई भिंतीपलीकडून, "कोनाशी बोलून रायल्या बाई?"
"आरशाशी."
"बरी हाये ना तब्येत?"

१९ एप्रिल, गाडीत
अकोल्याला दादा फलाटावर आला होता. वाटलं नव्हतं. खिडकीचा गज धरून उभा.
"काय सांगशीन सायबाले?"
"माहीत नाही रे."
गाडी हलली. मग म्हणाला, "मले तं नसतं म्हनता आलं. मेलो असतो तरी. पन तू जाय. एकटी नको राहू अमरावतीले." आणि तोंड फिरवलं. दादाला असं कधी पाहिलं नव्हतं.

२० एप्रिल, मुंबई
कचेरीत बाकावर बसून लिहिते आहे. तोच दुभाष्या दिसला. मान हलवून धीर दिला त्याने. आजही त्याला सोबत घेणार नाही. हे दुसऱ्याच्या तोंडून वदवायचं नाही.
दार उघडलं. माझंच नाव. साहेब पुन्हा तेच विचारील, तिथे तुमचं भागणार कसं? आणि माझ्या तोंडून काय निघतं, ते ऐकायला साहेबाइतकीच मीही उत्सुक आहे.